पांढुर्ण्याहून येणारे प्रश्न

बी.कॉम. झाल्यावर मी सौंसरला परत आलो आणि रोज दुपारी स्टेशनवर जाऊन बसू लागलो. छोट्या लाइनचं, म्हणजे नॅरोगेजचं, स्टेशन ते. गाडी आली की थोडा वेळ गलका, एरवी सगळा शुकशुकाट. फलाटाच्या टोकाला कडुनिंबाखाली एक बाक होता. तिथे मांडीवर कागद ठेवून मी मनगटावरच्या घड्याळात चाळीस मिनिटं धरायचो आणि प्रश्न सोडवायला लागायचो. घरी ते जमत नसे. वडील नगरपालिकेतून जेवायला येत, शेजारच्या बायका आईकडे बसायला येत, आणि मी काय करून राहिलो याचा खुलासा प्रत्येकाला द्यावा लागे. स्टेशनवर निदान सगळे एकच विचारत.

"कोणत्या गाडीनं जाऊन राहिला, बाबू?"

"कोणत्याच नाही, काकाजी."

"मंग बसून काहून राहिला?"

याचं धड उत्तर मला कधी देता आलं नाही. मॅनेजमेंटच्या प्रवेश परीक्षेचा सराव करतो म्हटलं की समोरचा विचारणार, ते काय असते? आणि ते मलाही पुरतं कुठे ठाऊक होतं! मोठ्या शहरात दोन वर्षं शिकायचं आणि मग एखाद्या कंपनीत साहेब म्हणून बसायचं, एवढीच माझी समजूत. सौंसरात तोवर कुणी ती परीक्षा दिल्याचं ऐकिवात नव्हतं. त्यामुळे सल्ला द्यायला कुणी नव्हतं आणि हसायला मात्र पुष्कळ होते. मी तसा तापट, दोनदा कुणी हसलं की तिसऱ्यांदा त्याच्याशी बोलणंच टाकायचो. अशानं पावसाळा लागेपर्यंत गावात माझ्याशी बोलणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली.

एक जोडीदार होता, पण तो पांढुर्ण्यात. कॉलेज मी तिथेच केलं होतं आणि तीन वर्षं तो माझ्या मागच्या बाकावर बसायचा. मित्र म्हणावं इतकं आमचं नव्हतं. शेवटच्या पेपरच्या दिवशी स्टँडजवळच्या हॉटेलात चहा घेताना कळलं, की दोघांच्याही खिशात एकाच जाहिरातीचं कात्रण आहे. टपालानं सरावाचे प्रश्नसंच पाठवणारा कुठलासा कोर्स होता. त्याची फी एकट्याला झेपणारी नव्हती. म्हणून ठरलं की नाव त्याचं, पत्ता पांढुर्ण्याचा आणि संच दोघांत एक.

पद्धतही तिथेच ठरली. आठवड्याला एक संच यायचा. त्यानं तो आधी पेन्सिलीनं सोडवायचा, खोडरबरानं सगळं पुसायचं आणि शनिवारच्या बसनं कंडक्टरच्या हाती माझ्याकडे धाडायचा. एका संचाची उत्तरं पुढच्या संचात छापून यायची. मी माझ्या शंका चिठ्ठीवर लिहून परतीच्या गाडीनं पाठवायचो. सतराव्याचं उत्तर कसं आलं? तेविसाव्यात काय धरलं? कंडक्टर पाकीट आपल्या तिकिटांच्या पेटीत घालायचा आणि दर वेळी म्हणायचा, "लव्हलेटर हाये का बे?"

खरं सांगायचं तर मला त्या परीक्षेपेक्षा जोडीदाराचीच गरज जास्त होती. त्यानं मधेच सोडलं असतं तर आठवड्याभरात मीही गुंडाळून ठेवलं असतं. मला स्वतःची तेवढी ओळख होती. म्हणून शनिवारी बस यायच्या अर्धा तास आधीच मी स्टँडवर हजर असायचो, आणि पाकीट हाती पडलं की पहिल्यांदा ते जाड आहे ना, एवढंच चाचपून बघायचो.

पेन्सिल कितीही पुसली तरी कागदावर दबलेली खूण राहते. त्यातून हा गडी दाबून लिहिणारा. कागद जरा तिरपा धरला की त्यानं कोणत्या उत्तरावर बरोबरची खूण केली होती ते दिसायचं. आधी स्वतः सोडवायचं आणि मगच त्याच्या खुणा पाहायच्या, असा माझा नियम होता. तो मी बऱ्यापैकी पाळला. उत्तरं जुळली की फार बरं वाटायचं. त्या बाकावर माझ्या शेजारी कुणीतरी बसलं आहे आणि त्यालाही हेच वाटतं आहे, असं काहीसं.

इंग्रजीच्या उताऱ्यांनी मात्र दोघांचाही जीव काढला. आमची गावं हिंदी मुलखात पडलेली, म्हणून आम्ही हिंदीत शिकलेले, घरी मराठी बोलणारे. उताऱ्यात एकदा एस्कलेटर आला. डिक्शनरीत सापडला, 'चालता जिना'. चालता म्हणजे कसा चालता, हे कळेना. माझ्या जुन्या इंग्रजीच्या सरांना विचारायला गेलो. ते बराच वेळ विचार करून म्हणाले, "वापरातला असन. काही जिने बंद पडून राह्यतात ना." मी तेच चिठ्ठीत लिहून पांढुर्ण्याला पाठवलं. त्याचं उत्तर आलं, "सरले म्हण, पांढुर्ण्यातले सगळे जिने चालते हायेत."

मग तो नात्यांचा प्रश्न आला. एक्सच्या आईचा भाऊ पी. एक्सच्या वडिलांच्या बहिणीचा नवरा क्यू. तर पी आणि क्यू या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत का? होय, नाही, की दिलेल्या माहितीवरून सांगता येत नाही? मी डोळे झाकून 'सांगता येत नाही' लिहिलं. आमच्या घरचं साटंलोटं आहे. माझी आई या घरात आली त्याच मांडवात माझी आत्या आईच्या भावाला दिली. म्हणजे माझा मामा हाच माझ्या आत्याचा नवरा. त्यातून आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामाजीच म्हणतात, त्यामुळे हाक मारायचीही अडचण नाही. कागद तिरपा करून पाहिला तर त्याचीही खूण तिथेच. आमच्या मामाजीची गोष्ट मी लगेच चिठ्ठीत लिहून पाठवली. पुढच्या शनिवारी छापील उत्तर आलं, 'होय, वेगळ्या व्यक्ती'. सोबत त्याची चिठ्ठी होती, "माह्या घरी बी दोन्ही एकच माणूस हाये. छापणाऱ्याच्या घरी नसन. आपण बरोबर."

ती चिठ्ठी मी किती वेळा वाचली असेल! दोन पोरांनी दोन गावांत बसून एकच चूक करावी, आणि ती चूक नसावीच, याचा मला झालेला आनंद कुणाला सांगण्यासारखा नव्हता. आईला सांगून पाहिलं. ती म्हणाली, "तुह्या मामाजीचं नाव पेपरात काहून आलं?"

भाद्रपदानंतर त्याच्या चिठ्ठ्या आखूड झाल्या. मग नुसतीच पाकिटं येऊ लागली. खुणा होत्या, पण उत्तरं चुकू लागली होती. आधी दहात दोन चुकायची, आता दहात सहा. साधे टक्केवारीचे प्रश्नसुद्धा. मी हे सगळं वहीत टिपून ठेवत होतो. आणि मला काय वाटावं? मला बरं वाटलं. हा मागे पडला, मी पुढे निघालो, असं वाटलं. चिठ्ठीत मी त्याला लिहिलं, "लक्ष कुठे आहे तुझं? नवव्यात आकडा उलटा घेतलास. फॉर्म भरला ना?" त्यानं उत्तर पाठवलं, "तू भर. नागपूरले पाहू."

परीक्षा डिसेंबरात होती, नागपूरला, रविवारी सकाळी. मी तासभर आधी पोचलो. फाटकाशी जी गर्दी होती तिच्यात सगळे एकमेकांशी इंग्रजीत बोलत होते, आणि चौघा-पाचांचे घोळके करून उभे होते. मी एकटाच एका स्कूटरला टेकून त्याची वाट बघत राहिलो. घंटा झाली तरी तो आला नाही. आत गेल्यावरही माझं अर्धं लक्ष दाराकडे. पहिले वीस प्रश्न मी कसे सोडवले देव जाणे. पुढे इंटरव्ह्यूचा कॉल आला नाही तेव्हा त्या वीस प्रश्नांचा दोष मी बरेच दिवस त्याच्या माथी मारत होतो.

बाहेर आलो तेव्हा डोकं तापलेलं होतं. सौंसरची गाडी सोडून मी मोठ्या लाइनवरून पांढुर्ण्याची पॅसेंजर धरली. वाटेत काय काय बोलायचं ते ठरवलं. त्याच्या घरी गेलो तर दार त्याच्या आईनं उघडलं. मी नाव सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "सौंसरचा ना तू? ये, बस, बाबू." मला बसायचं नव्हतं. तो कुठे आहे, एवढंच विचारलं. कापसाच्या जिनिंगवर आहे म्हणाल्या. त्यांच्या मागे भिंतीवर काय होतं ते आज मला सांगता येत नाही, कारण मी बघितलंच नाही.

जिनिंगला हंगामात रविवार नसतो. कापसाच्या गाड्या रस्त्यापर्यंत लागलेल्या होत्या आणि हा काट्याशी उभा राहून वजनं लिहून घेत होता. केसांत, भुवयांत कापसाची भुसभुस. मला बघून हसला.

"कसा गेला पेपर?"

"तू काहून नाही आला?"

"हंगाम हाये ना बे."

"मंग सांगाले काय झालं होतं?"

त्यानं हातातली वही दुसऱ्याकडे दिली आणि मला गाड्यांच्या पलीकडे घेऊन गेला. "म्या तर भादव्यापासूनच सोडून देल्लं होतं," तो म्हणाला.

"आन् त्या खुणा?"

"त्या जशा जमन तशा करो आन् पुसून टाको. दहा मिनिटाचं काम."

"पण काहून?"

"कोरा कागद पाहून तू बी सोडून देल्लं असतं. मी वळखतो ना तुले."

आता सांगताना वाटतं की मला तेव्हा भरून यायला हवं होतं. तसं काही झालं नाही. मला राग आला. चार महिने मी ज्याच्याशी उत्तरं जुळवत होतो, ज्याच्या चुकांवर मनातल्या मनात खूश होत होतो, तो तिथे नव्हताच. मला वेड्यात काढलं, असं मी त्याला म्हणालोही. जाणारे-येणारे बघायला लागले इतक्या जोरानं म्हणालो.

तो म्हणाला, "सगळे संच तूच एकट्यानं सोडवले ना? मंग? जमलं ना तुले?"

"ते राहू दे. तू इथं काय करून राहिला? तुले तर साहेब व्हायचं होतं."

"बाबाच्या जागेवर घेतलं त्यायनं."

"आन् बाबा?"

त्यानं माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मी थट्टा करतो की काय, असं त्याला वाटलं असावं.

"बाबा तर भादव्यातच गेले."

तेवढ्यात कुणीतरी काट्यावरून त्याला हाक मारली. "आधी काहून नाही सांगतलं?" मी कसंबसं म्हटलं. तो निघता निघता म्हणाला, "तुह्या परीक्षेच्या टाइमाले कायले डोकं खराब करू तुह्यं? आन् तू विचारलं बी नाही."

यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं, मी भांडलो असतो.

सौंसरच्या बसमध्ये आमचाच कंडक्टर होता. तिकीट देताना म्हणाला, "भेटला का? लय वाळला ना बाप गेल्यापासून?" मी म्हटलं, मला माहीत नव्हतं. तो बघतच राहिला. "तुमचे तर हप्त्याहप्त्याले कागद जाऊन राहिले होते ना भाऊ!" खरं होतं. पाकीट नेणाऱ्याला ठाऊक होतं, गाडीतल्या चार प्रवाशांनाही ठाऊक असेल. ज्याच्या नावानं पाकीट येत होतं त्या मलाच ठाऊक नव्हतं.

लोधीखेड्याकडच्या एका ओळखीच्यानं नंतर मला कापसाच्या व्यापाऱ्याकडे नोकरी लावून दिली, आणि दोन वर्षांनी मी पुन्हा परीक्षा देऊन बाहेरही पडलो. ते सगळं पुढचं. त्या आठवड्यात मात्र मी स्टेशनकडे फिरकलो नाही. संच संपले होते, सोडवायला काही नव्हतं. शनिवारी दुपारी घरीच ओट्यावर बसलो आणि चिठ्ठी लिहायला घेतली. आकडे नाहीत, प्रश्नाचा नंबर नाही, काय लिहायचं ते सुचेना. शेवटी एवढंच लिहिलं, "बाबांना काय झालं होतं? तू कसा आहेस?" इतक्या महिन्यांत मी त्याला चिठ्ठीतून विचारलेले, परीक्षेच्या बाहेरचे हे पहिले दोन प्रश्न. कंडक्टरच्या हाती पाकीट देताना ते इतकं पातळ लागलं की मला लाज वाटली.

उत्तर पुढच्या शनिवारी आलं. अकरा पानांचं होतं.