नाव सांगायचं नाही

आमच्या मंडळाचा एक नियम आहे आणि त्या नियमापायी त्या रविवारी माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. कुणाच्या घरी भानामती, करणी असलं काही चालू असलं, कपडे आपोआप फाटताहेत, ताटात खडे पडताहेत, की आम्ही जायचं. घरातल्या प्रत्येकाशी एकेकट्यानं बोलायचं, कोण करतंय ते शोधायचं आणि त्याला समजावून तो प्रकार बंद करायचा. पण त्याचं नाव कुणाला म्हणजे कुणालाही सांगायचं नाही. कारण करणारं माणूस बहुतेक वेळा घरातलंच असतं, आणि सुखासुखी कुणी असलं करत नाही. आमचं मंडळ चालवणारे सर म्हणजे निवृत्त झालेले रसायनशास्त्राचे प्राध्यापक. त्यांनी पूर्वी एका घरात नाव सांगितलं होतं. त्या घरातल्या पोरीला बापानं इतकं मारलं की तेव्हापासून सरांनी तोंडाला कुलूप घातलं, आणि आमच्याही घातलं.

मंडळ म्हणजे तरी काय हो, राजाजीनगरात सरांच्या गच्चीवर महिन्यातून एका रविवारी जमणारी आम्ही मूठभर मराठी माणसं. निम्मी माझ्यासारखी, इथंच जन्मलेली, पोटात कन्नड आणि ओठावर मराठी असलेली. निम्मी पुण्या-मुंबईहून आलेली आयटीतली पोरं. भटजीशिवाय लग्न लावायचं असेल, देहदान करायचं असेल, तर लोक आम्हाला विचारतात. देव मानत नाही आम्ही कोणी, पण पोह्यांवर लिंबू नसलं तर भांडणं होतात. मी बँकेतून निवृत्त झाले तेव्हापासून जाते. माझी जीभ जरा तिखट आहे, म्हणून सर मला अशा घरी सोबत नेतात आणि जिन्यातच बजावतात, “अक्का, स्वल्प सबुरीनं.”

तर ते घर होतं सर्जापूर रोडला, एका मोठ्या अपार्टमेंटमध्ये. नागपूरचा मुलगा, पुण्याची सून, आणि वडील गेल्यावर नागपूरचं घर विकून इथं आणलेली मुलाची आई. कपाटातल्या साड्या कापल्या जात होत्या. आधी आईच्या, मग सुनेचे ड्रेस, मग पडदा, शेवटी सुनेची लग्नातली पैठणी, पदरापासून उभी कापलेली. नागपूरहून मावशीनं फोनवर सांगितलं, करणी आहे, अमावास्येला माणूस पाठवते. मुलगा घाबरला. त्याच्या ऑफिसातलं कुणी आमच्याकडे येत होतं, त्यानं आमचा नंबर दिला.

“मॅम, मी हे ब्लॅक मॅजिक वगैरे मानत नाही,” दार उघडल्या उघडल्या तो म्हणाला. “लॉजिकली बघितलं तर कोणीतरी इनसायडर आहे. आणि बाहेरून घरात येणारी एकच आहे, आमची कुक. मी तिला गेटवर ब्लॉक करून टाकलंय.”

“मला काकू म्हणा,” मी म्हटलं. “आणि ब्लॉक केलंय म्हणजे काय?”

म्हणजे असं, की गेटवरच्या अ‍ॅपमध्ये स्वयंपाकीणबाईच्या नावापुढे लाल खूण लागली होती. त्याच आवारात ती आणखीही काही घरी पोळ्या करायची. आता वॉचमन तिला कुठल्याच घरी सोडेना. असोसिएशनच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तिचा फोटो टाकून खाली लिहिलं होतं, सावध राहा. चौकशी नाही, विचारपूस नाही! माझं डोकं तिथंच सटकलं. सरांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं.

सरांनी सगळ्यांना दिवाणखान्यात बसवून नियम सांगितला. नाव कळलं तरी आम्ही ते सांगणार नाही, तुम्ही विचारायचं नाही. आई, मुलगा, सून, तिघांनीही मान डोलावली. आणि सरांनी एक अट घातली, की त्या स्वयंपाकीणबाईशीही बोलल्याशिवाय आम्ही जाणार नाही, तिला वर बोलवा. असोसिएशनच्या सेक्रेटरींना फोन गेला.

मुलाशी आणि सुनेशी सर एकेकट्यानं बोलले. आईशी मी. त्यांची खोली लहान, खिडकीबाहेर समोरच्या इमारतीच्या बाल्कन्या. खुर्चीत अंग चोरून बसल्या होत्या. माझ्याच वयाच्या असतील. मराठी ऐकून त्यांचा चेहरा इतका खुलला, की मला वाईटच वाटलं. मग जे बोलायला लागल्या ते थांबेनातच. इथं लिफ्टमध्ये कुणी हसत नाही, मुलगा सकाळी जातो तो अंधार पडल्यावर येतो, सूनही जाते, कुकशी बोलावं तर तिचं कन्नड यांना येत नाही. कपडे फाटायला लागल्यापासून मात्र मुलगा घरून काम करतो, जवळ बसतो, पाठीवरून हात फिरवतो.

“ताई,” मी विचारलं, “तुमच्या साड्या कापल्या, सुनेचे कपडे कापले. मुलाचा एकही शर्ट नाही, असं का हो?”

“त्याचे कसे कापवतील मला?” त्या पटकन बोलून गेल्या.

बोलल्या आणि तोंडावर पदर धरला. पुष्कळ वेळ त्या तशाच रडत राहिल्या, आवाज न करता, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून.

“मी त्या बाईचं नाव घेतलं नाही हो,” शेवटी म्हणाल्या. “त्यानंच घेतलं. मी नुसती गप्प बसले.”

“मग आता बोला! तिची सगळी घरं बंद झालीत. तिनं खायचं काय?”

“परत नाही करणार. मुलाची शपथ. पण त्याला नका सांगू. त्याला कळलं तर तो मला कुठं ठेवेल? नागपूरला आता घर नाही.” आणि मग डोळे पुसून माझ्याकडे पाहिलं. “तुमचा नियम आहे ना, ताई?”

आता काय बोलणार! नियम आमचाच. मी खोलीबाहेर आले. सरांना नुसती मान हलवून खूण केली, की कळलं. त्यांनीही मान हलवली.

तेवढ्यात सेक्रेटरी त्या बाईला घेऊन वर आले. ती दाराशीच उभी राहिली, चप्पल बाहेर काढून. तिशी-पस्तिशीची असेल. सकाळपासून गेटवर उभी होती म्हणे. मला कन्नड येतंय म्हटल्यावर तिनं माझा हातच धरला. “अक्का, नानु माडिल्ला,” मी नाही केलं, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती. तिचा तळवा घामानं ओला होता.

सर उभे राहिले आणि नेहमीचं बोलले. “प्रकार उद्यापासून होणार नाही, याची खात्री मी देतो. कोणी केलं ते आम्ही सांगणार नाही.”

“ठीक आहे सर,” थोडंफार मराठी कळणारे सेक्रेटरी हिंदीत म्हणाले, “पण मग मी ब्लॉक कसा काढू? उद्या दुसऱ्या घरात काही झालं तर लोक मलाच धरतील.”

“एक्झॅक्टली,” मुलगा म्हणाला. “बंद होणारच, ती येत नाहीये म्हटल्यावर. राहू द्या ब्लॉक.”

ती बाई एकाकडून दुसऱ्याकडे बघत होती. मराठी कळत नव्हतं तिला, पण ब्लॉक कळत होतं. मी आईंकडे पाहिलं. त्या फरशीकडे बघत होत्या. बोला ना बाई, एकदा बोला, मी मनात म्हणत होते. सर पाणी प्यायले. सेक्रेटरींनी तिला हातानं खूण केली, चला खाली. ती वळली. चप्पल पायात घालू लागली.

“ही नाही!” मी ओरडले. “हिनं केलेलं नाही, मी खात्रीनं सांगते. हिला परत घ्या आधी!”

सरांनी डोळे मिटले. माझं मला कळलंच की काय करून बसले, पण तोंडातून गेलं ते गेलं. घरात माणसं तीन. ही नाही म्हटल्यावर उरलं कोण?

मुलाच्याही ते लक्षात आलं. आधी हसल्यासारखं केलं त्यानं, मग त्याचा चेहरा बदलला. “म्हणजे काय काकू? मी तर नाही कापले. म्हणजे आई, नाहीतर ही?” त्यानं आईकडे पाहिलं. आईंच्या ओठांचा रंग उडाला होता. खुर्चीचा हात त्यांनी घट्ट धरला होता.

“मी केलं,” सून म्हणाली.

ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आवाज अगदी साधा, भाजीत मीठ घातलं असं सांगावं तसा. “कामाचं टेन्शन होतं. काय करतेय ते मलाच कळत नव्हतं. सॉरी.” मग इंग्रजीत सेक्रेटरींना म्हणाली, तुम्ही आत्ताच्या आत्ता तिचा ब्लॉक काढा, माझ्यासमोर, आणि ग्रुपवर लिहा की तिची चूक नव्हती.

सेक्रेटरींनी फोन काढला. काय करतील बिचारे! त्या बाईला मी कन्नडमध्ये सांगितलं, ही म्हणतेय मीच केलं म्हणून, झालं, जा तुझ्या कामाला. ती सुनेकडे बघत राहिली. “याकक्का, हीगे?” का गं, असं का केलंस? सुनेनं मान खाली घातली. बाई गेली. या घरी पुन्हा येणार नाही म्हणाली, आणि कशाला यावं तिनं.

मग मुलगा बायकोवर जो सुटला! आईसमोर, आमच्यासमोर. वेडी आहेस का, आईला हार्ट अटॅक आला असता तर, लग्नातली साडी गं तुझी! ती ऐकत उभी राहिली. आणि आम्ही दोघं तिथं बसून होतो, खरं काय ते माहीत असून. मला वाटलं, उठावं आणि सांगून टाकावं, खड्ड्यात गेला तो नियम. सरांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. आई तशाच बसून होत्या, आणि मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला, इतका राग आला, की त्यांच्याकडे बघवेना.

सून आम्हाला खाली सोडायला आली. लिफ्टमध्ये मी तिला धरलंच. “अगं, तू कशाला अंगावर घेतलंस?”

“मला माहीत होतं, काकू. मागेच कळलं होतं. पैठणी गेली तेव्हा खूप रडले, पण बोलले नाही.” तिनं केस मागे सारले. “हा माझ्यावर चिडला तर चार दिवस बोलणार नाही, मग बोलेल. आईंवर चिडला तर त्या जगणार नाहीत. आणि ती कुक, तिला तर कुणीच नव्हतं. तुम्ही ‘ही नाही’ म्हणालात, मग मी तरी काय करणार होते?”

“आणि तुझं काय?”

“माझं बघते मी.” लिफ्ट उघडली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते. “आईंना सांगू नका मला माहीत आहे म्हणून. लाजेनं मरतील.”

राजाजीनगरला परतताना ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर मी म्हटलं, “सर, आपल्या नियमानं त्या पोरीचा बळी घेतला.” ते म्हणाले, “आणि तुमच्या ओरडण्यानं.” खरंच होतं ते. पण ओरडले नसते तर ती स्वयंपाकीण चप्पल घालून खाली गेली असती, हेही मी सुनावलं.

दिवेलागणीला मी कुकरला भात लावत होते, तेव्हा फोन वाजला. आई होत्या. खोलीत बसलो होतो तेव्हा माझा नंबर त्यांनी लिहून घेतला होता.

“ताई, ठेवू नका,” त्या कुजबुजत म्हणाल्या. “तो तिच्याशी बोलत नाही. ती जेवली नाही. मला मात्र वाढलं तिनं. आई, भात घेणार का, विचारलं. तूप वाढलं. एक शब्द बोलली नाही हो मला, काही म्हणजे काही नाही.”

“मग?” मी म्हटलं. राग अजून गेला नव्हता माझा.

“मला वाटायचं तो घरी थांबला की बरं वाटेल. आज दिवसभर घरात आहे आणि तिच्याकडे बघतसुद्धा नाही. माझ्यामुळं.” श्वास ऐकू येत होता. “मी सांगते त्याला. पण माझ्यानं एकटीनं होत नाही. तुम्ही नुसत्या फोनवर राहा. बोलू नका काही.”

मी गॅस बंद केला, शिट्टी होऊ नये म्हणून. पलीकडे खुर्ची सरकली, दार उघडलं.

“अरे, इकडे ये जरा. तिलाही बोलाव.”

“काय झालं आई?” तो धावतच आला असणार, आवाज एकदम जवळ आला. “परत काही फाटलं का?”

“नाही रे राजा. आता नाही फाटणार,” त्या म्हणाल्या. “बस इथं. मीच कापत होते.”