उडालेलं आणि पडलेलं

तेलाचे डाग दोन जातीचे. एक उडालेलं आणि दुसरं पडलेलं. हे कुठल्या पुस्तकात सापडायचं नाही, पण त्या विणाई कारखान्यात लहानथोर सगळ्यांना पाठ होतं, कारण वहिनीनं ते शिकवलं होतं. ती तपासणीच्या टेबलाशी उभी असायची. टेबलाला दुधी काच, काचेखाली दिवे, आणि वरून पांढरं कापड सरकत जायचं. राई उधळल्यासारखे बारीक ठिपके दिसले की ती ओरडायची, "उडालेलं!" म्हणजे चालत्या मशीननं तेल फेकलं, दोष मशीनचा, धावा फिटरकडे. टपोरा, एकटा, धाग्याच्या अंगानं लांबट पसरलेला थेंब दिसला की, "पडलेलं!" म्हणजे कुणाच्या तरी हातून सांडलं, दोष माणसाचा. तिनं एकदा शब्द काढला की त्यावर कुणी पुढे बोलायचं नाही. मुकादमसुद्धा नाही.

तिचा नवरा त्याच कारखान्यात तेलवाला. सगळे त्याला थेंबनाना म्हणायचे. नानाची बायको वहिनी कशी, काकू का नाही, असलं विचारू नका. कारखान्यातली नाती कुणी पंचांगात बघून ठरवत नाही. तर थेंबनाना. हे नाव त्यानं कमावलेलं होतं. बुधलीच्या लांब नळीच्या टोकाखाली चिंधी धरायची, अंगठ्यानं एकदा दाबायचं, एक थेंब, की लगेच पुसायचं. दुसरा थेंब म्हणजे त्याला अपमान वाटायचा. नवीन कुणी बुधली उपडी करताना दिसला तर तो म्हणायचा, "अरे, मशीनला पाजायचंय, आंघोळ नाही घालायची!" हे माग आपोआप चालणारे, वेगानं धावणारे. तेल कमी झालं तर तापतात, जास्त झालं तर चहूकडे फेकतात, आणि तिथंच हातभरावर हजारो पांढरे उभे धागे ताणून बसलेले. ताणा म्हणतात त्याला. त्या ताण्यावरून हात पलीकडे नेऊन वरच्या बेअरिंगला तेल द्यायचं आणि धाग्याला कळूही द्यायचं नाही, ही नानाची करामत होती. वहिनी वर्षानुवर्षं कापड तपासत आली, पण नवऱ्याचा डाग तिला कधी सापडला नव्हता. आणि याचा तिला जरा गर्वच होता. का नसावा?

मग एकदा काचेवर टपोरा थेंब आला.

कापड भिंतीकडच्या मागावरचं होतं. त्या मागावर शिडी काम करायची. शिडी म्हणजे एक विणकरीण, इतकी उंच की ट्यूब बदलायला कुणी स्टूल शोधत नसे. जीभही तशीच लांब, पण मनानं निर्मळ. वहिनीला वाटलं, हिनंच स्वतः तेल घातलं असणार. विणकर कधीकधी घाईत असं करतात. पण दुसऱ्या मागाच्या कापडावरही थेंब आला, मग तिसऱ्या. सगळे थेंब एकाच अंगाला, जिथून नाना ताण्यावर वाकून उजवा हात पलीकडे न्यायचा. भिंतीकडच्या मागाला सगळ्यात जास्त, कारण तिथं मागून जायला वाटच नव्हती आणि हात सगळ्यात लांब करावा लागायचा.

घरी तिनं लक्ष ठेवलं. नाना आता दाढी करायला न्हाव्याकडे जात होता. हा माणूस, जो न्हाव्याला लुटारू म्हणायचा! दाराला कुलूप लावायचं ते म्हणायचा, "तू लाव." उजवा हात सदान्कदा खिशात.

"हाताला काही होतंय का हो?" तिनं विचारलं.

"हाताला काय धाड भरलीय!" तो खेकसला. नाना कधी खेकसत नसे. त्यावरूनच तिला कळलं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. हा तर अख्खी मूठच खिशात घालून हिंडत होता.

आता खरं तर सरळ गोष्ट होती. डॉक्टरकडे जा, मुकादमाला सांगा. पण सांगायचं म्हणजे काय, बुधली खाली ठेवायची. आणि बुधली ठेवली तर नानाचं राहिलं काय? त्या माणसाला दुसरं काही येत नव्हतं, दुसरं काही आवडतही नव्हतं. सुट्टीच्या दिवशी घरातल्या सगळ्या बिजागऱ्यांना तेल घालून झालं की तो शेजाऱ्यांच्या बिजागऱ्यांकडे आशेनं बघायचा. त्याच्या हातातून बुधली काढून घेणं वहिनीला जमेना. म्हणून तिनं दुसरंच केलं. टपोरा थेंब दिसला की डाग काढायच्या पाण्यात चिंधी बुडवून घासायची. जो निघाला तो निघाला. जो नाही निघाला, त्याला ती मोठ्यानं म्हणायची, "उडालेलं!"

पहिल्यांदा म्हणाली तेव्हा तिचा आवाज चिरकला. नंतर सवय झाली. खोट्याची सवय लवकर लागते, त्याला काही शिकवणी लागत नाही.

बिचारा फिटर! साप साप म्हणून तो भुई धोपटत बसला. गिअरवर त्यानं पत्र्याच्या टोप्या बसवल्या. साखळ्या डब्यात बंद केल्या, खाली गळतीचं तेल धरायला तसराळी लावली, बेअरिंगांना जाड नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, चकत्या घातल्या. ताण्याच्या कडेनं फडक्याचे पडदे सोडले. कारखाना आजाऱ्यांच्या वॉर्डासारखा दिसायला लागला. विणकर कुरकुरायला लागले, तुटलेला धागा जोडायला हात घालायचा तर आधी पडदा बाजूला करा. पण एक खरं, खऱ्या शिंतोड्यांचा बंदोबस्त झाला. राईसारखे ठिपके जवळजवळ बंद झाले. टपोरे थेंब मात्र येतच राहिले. खरं उडालेलं थांबलं, म्हणून पडलेलं उघडं पडायला लागलं.

फिटर एक दिवस टेबलाशी येऊन उभा राहिला. "वहिनी, रागावू नका. पण आता उडणार कुठून? मी सगळ्याला झाकण घातलंय. मशीनला तोंडच ठेवलं नाही. हे पडलेलंच असणार."

वहिनी कापडाकडे बघत म्हणाली, "असेल."

एवढंच म्हणाली. "असेल." पण तो शब्द तिच्या तोंडचा, म्हणजे दगडावरची रेघ. नानावर संशय घेणं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. देव चुकेल पण थेंबनाना नाही. मग राहिली विणकरीण. सगळ्यात जास्त डाग शिडीच्या मागावर. मुकादमानं तिला सगळ्यांसमोर झापलं, आणि पुन्हा डाग दिसला तर मागावरून काढून सुताच्या गोदामात पेट्या उचलायला पाठवीन म्हणाला.

शिडी तरातरा वहिनीकडे आली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते येतंय याचा तिला संतापही आला होता. "वहिनी, मी बुधलीला हात लावत नाही हो. आईशप्पथ नाही. तुम्हाला डागावरून सगळं कळतं. सांगा ना, हा कुणाचा हात आहे?"

"मला काय ठाऊक, बाई," वहिनी म्हणाली.

शिडी डोळे पुसत मागाकडे परत गेली. वहिनीला जेवण गेलं नाही. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे आपणच खणलेला खड्डा.

आणि मग काय व्हावं? डाग थांबले. एकदम बंद. कापड असं स्वच्छ सरकायला लागलं की डोळे निवावेत. वहिनीला वाटलं, नानाचा हात बरा झाला. वाईट वेळ होती, टळली. तिनं त्या दिवशी घरी गोडाचं केलं, नानाला आग्रह करकरून वाढलं. तो खाली मान घालून खात होता. ती स्वतःच्या आनंदात इतकी गुंग की त्याच्या मानेकडे तिनं बघितलंच नाही. मेला तो आनंद!

कारण दोनच आठवडे गेले असतील नसतील, आणि भिंतीकडचा माग किंचाळायला लागला. आधी किंचाळला, मग जळका वास आला. वरचं बेअरिंग कोरडं पडून तापलं होतं, आणि त्याच्यावर साठलेल्या कापसाच्या पुंजक्यानं पेट घेतला. खाली अख्खा ताणा पसरलेला. शिडीनं मशीन बंद केलं, आणि धागे पेटू नयेत म्हणून तो पुंजका हातानंच ओढून खाली फेकला. ताणा वाचला. तिचा तळवा भाजला, बोटांपर्यंत.

सगळे गोळा झाले. कुणी पाणी आणलं, कुणी शिडीला खुर्चीवर बसवलं. फिटरनं बेअरिंग उघडलं आणि तो आत बघतच राहिला. "यात तेलाचा थेंब नाही," तो म्हणाला. "किती दिवस नाही कुणास ठाऊक."

मुकादम नानाकडे वळला, पण आवाज चढवेना. नानावर आवाज कसा चढवायचा, हे त्याला माहीतच नव्हतं. त्यानं स्वतःच वाट काढून दिली. "नाना, डागाच्या भीतीनं हिनंच तुम्हाला सांगितलं असेल ना, की माझ्या मागाला तेल घालू नका?"

शिडीनं मान वर केली. दुखण्यानं तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

नानानं नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी पुरे होतं. नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. त्यानं गर्दीतून वहिनीकडे बघितलं. आणि वहिनीनं, हे सांगताना माझीच जीभ अडखळते, पण घडलं ते घडलं, वहिनीनं त्याला मान हलवून खूण केली. म्हणा हो. म्हणा आणि सुटा.

नानानं खिशातून उजवा हात बाहेर काढला आणि सगळ्यांसमोर धरला. हात थरथरत होता. थोडाथोडका नाही, त्याला धरून ठेवायला डावा हात पुढे यावा असा थरथरत होता.

"तिनं काही सांगितलं नाही," तो म्हणाला. "हे असं चाललंय बरेच महिने. डाग माझेच होते. मग मी ताण्यावरून हात न्यायचंच सोडलं. वरची बेअरिंगं कोरडी ठेवली. पोरीचा काही दोष नाही." आणि बुधली त्यानं फिटरच्या पायाशी ठेवली. ठेवतानाही ती फरशीवर खडखड वाजली.

फिटरनं एकदा वहिनीकडे बघितलं. फक्त बघितलं, पण तिला ते थोबाडीत बसल्यासारखं लागलं.

घरी आल्यावर ती नानावर तुटून पडली. माणसाला स्वतःची लाज वाटली की आधी तो दुसऱ्यावरच ओरडतो. "तेल घालायचं सोडलंत? अहो, कारखाना पेटला असता! कुणाला तरी सांगायचंत!"

"कुणाला सांगू? तू रोज माझ्यासाठी खोटं बोलत होतीस," नाना म्हणाला. "जवळ आलीस की तुझ्या बोटांना त्या पाण्याचा वास यायचा. कातडी सोलली होती तुझी. मला वाटलं, डाग बंद झाले तर तुझं घासणं तरी बंद होईल."

वहिनी खाली बसली. तिच्या रागातली हवाच गेली. मग ती म्हणाली, "मी मान हलवली, ती दिसली का तुम्हाला?"

"दिसली."

"मग?"

"मान माझ्यासाठी हलवलीस, ते कळलं. पण हात तिचा भाजला होता गं."

दुसऱ्या दिवशी पाळी सुटल्यावर वहिनी शिडीच्या घरी गेली. जिना चढताना तिनं चारदा वाक्य जुळवलं आणि चारदा मोडलं. दार शिडीनंच उघडलं. हाताला पट्टी, केस मोकळे, गुंतलेले.

"ते पडलेलं होतं," वहिनी दारातच म्हणाली. "पहिल्या थेंबापासून मला ठाऊक होतं कुणाचं ते. तू विचारायला आलीस तेव्हाही ठाऊक होतं."

शिडीनं तिला आत घेतलं. बसायला दिलं, पाणी दिलं, तेही एका हातानं. पण ती लांब जीभ आज गप्पच होती. वहिनीला त्या गप्पपणापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या.

"वेणी घालून देऊ का?" तिनं शेवटी विचारलं. "एका हातानं जमत नसेल."

"नको," शिडी म्हणाली. "शेजारीण येते घालायला." मग दारापर्यंत सोडायला आली आणि म्हणाली, "नानांना सांगा, चांगल्या डॉक्टरला दाखवा. हयगय करू नका म्हणावं. त्यांनी माझ्यासाठी सगळ्यांसमोर हात काढला, मी विसरणार नाही."

वहिनी घरी आली. नाना खिडकीशी बसला होता, उजवा हात मांडीवर उघडा ठेवून, आता झाकायचं काही उरलं नव्हतं.

"काय म्हणाली?" त्यानं विचारलं.

"तुम्हाला चांगल्या डॉक्टरला दाखवा म्हणाली. तुम्हाला विसरणार नाही म्हणाली."

"गुणी पोर आहे. आणि तुला?"

वहिनीनं पदरानं तोंड पुसलं. "मला काही नाही म्हणाली," ती म्हणाली.