हरल्यावरची साक्ष

आमच्या चर्चमधला हा पोरगा पेठेच्या फुटबॉल टीमचा फॉरवर्ड. कोल्हापुरात पेठेची टीम म्हणजे घरचीच गोष्ट. टीम जिंकली की रविवारच्या उपासनेत साक्ष द्यायला, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायला, पहिला हाच उठायचा. "प्रभूनंच गोल मारला की!" असं छाती फुगवून सुरू व्हायचा, ते पाळकसाहेब मुद्दाम खोकले की मगच बसायचा. हरला की मात्र दोन-दोन रविवार फिरकायचा नाही. जणू देव ऐनवेळी समोरच्या टीममध्ये गेला.

परवा शनिवारी फायनल त्याच्याच पेनल्टीवर हातची गेली. रविवारी माझं निम्मं लक्ष दाराकडं. दुसरं गीत सुरू झालं आणि तो लंगडत आत आला. माझा जीव भांड्यात पडला.

साक्षीच्या वेळी तो उठला. "काल हारलो. माझी पेनल्टी अडवताना त्यांच्या गोलकीपरचं बोट मोडलं. सकाळी बघून आलोय, लई दुखतंय त्याला. त्याच्यासाठी प्रार्थना करूया."

एवढंच बोलून बसला. पाळकसाहेबांचा खोकला घशातच राहिला.

आम्ही माना खाली घातल्या. आमची फायनल घालवणाऱ्या त्या गोलकीपरसाठी 'आमेन' म्हणताना माझा आवाज मात्र जरा उशिराच निघाला.