चुलीमागे एक मत

माझं माहेर ठाकूरद्वारचं. लग्न होऊन घोडपदेवला आले, आणि पहिल्याच वर्षी दारात दोन माणसं पट्टी मागायला उभी राहिली. मला वाटलं, देवाची वर्गणी असेल. नवरा म्हणाला, "देवाच्या वर्गणीला एखाद्या वर्षी नाही म्हणता येतं. हिला नाही."

ती कॉलेजची पट्टी होती. सासऱ्यांच्या पिढीने, गिरणीतल्या माणसांनी, परळमध्ये बसून ठरवलं होतं की कोकणातल्या आपल्या गावात कॉलेज काढायचं, आणि मुंबईत गावच्या ज्या माणसाची वेगळी चूल असेल त्याने दरवर्षी त्यासाठी पैसे द्यायचे. कॉलेजला सरकारी अनुदान नाही, मास्तरांचे पगार या पट्टीतूनच होतात. गिरण्या बंद पडल्या, माणसं विरार-बदलापूरपर्यंत पांगली, पण पट्टी राहिली. जबरदस्ती कोणी करत नसे. एवढंच की न देणाऱ्याच्या घरी लग्न निघालं की गावची माणसं जरा उशिराच पोचत.

पट्टी किती ते समिती ठरवायची. गावातल्या प्रत्येक वाडीचा एक माणूस. त्यातला कोणी वारला की वाडीतली मोठी माणसं बसून दुसरा नेमत. गेली कित्येक वर्षं समितीचे अध्यक्ष माझे थोरले दीर होते. ते भोईवाड्यात राहतात. मी त्यांना भावोजी म्हणते. दादरच्या एका शाळेत मी नोकरीभर नागरिकशास्त्र शिकवलं. कर कोण लावतं, कर लावणाऱ्याला कोण निवडतं, हे फळ्यावर चौकटी काढून समजावलं. पण आपल्या घरात येणाऱ्या या पट्टीकडे त्या नजरेने बघावं असं मला कधी सुचलं नाही.

मागच्या वर्षी समितीने पट्टी वाढवली. कॉलेजात विज्ञान शाखा सुरू करायची होती, प्रयोगशाळा बांधायची होती. गावच्या मोबाइल ग्रुपवर निरोप आला आणि त्याखाली लालबागच्या एका तरुणाने लिहिलं, 'पट्टी वाढवणाऱ्या समितीला निवडून कोणी दिलं?'

संध्याकाळपर्यंत सगळा ग्रुप एकदम बोलायला लागला.

रविवारी भोईवाड्यातल्या व्यायामशाळेच्या हॉलमध्ये सभा झाली. एवढी गर्दी मी गावच्या सभेला कधी पाहिली नव्हती. तो तरुण उभा राहिला. एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करणारा, दाढीवाला, बोलायला चटपटीत.

"आमचा कॉलेजला विरोध नाही," तो म्हणाला. "पैसे आम्ही देतो, मग ठरवणारा माणूस आम्ही निवडायचा की नाही? सिंपल गोष्ट आहे."

भावोजी बसूनच बोलले. "निवडणूक लावा. पण कोण येतलो निवडून? पट्टी कमी करतंय म्हणणारो."

"मग येऊ दे ना. लोकांना परवडत नसेल तर?"

"आणि मास्तरांचो पगार?"

तरुणाने माझ्याकडे पाहिलं. "काकी, तुम्ही हेच शिकवत होतात ना? तुम्ही सांगा."

सगळे माझ्याकडे वळले. मी उठले आणि वर्गात सांगत असे तेच सांगितलं. जो कर लावतो त्याने कर देणाऱ्यांना उत्तर दिलं पाहिजे, आणि उत्तर मागायचा साधा मार्ग म्हणजे निवडणूक. टाळ्या पडल्या. भावोजींनी टाळी वाजवली नाही, पण मान हलवली. होकाराची होती की नुसतीच, ते मला कळलं नाही. निवडणूक घ्यायचं ठरलं.

मग मत कोणाला, हा प्रश्न आला. पट्टी चुलीमागे, म्हणून मतही चुलीमागे एकच, असं पाच मिनिटांत ठरून गेलं. तेव्हा मलाही ते सरळ वाटलं.

संध्याकाळी भावोजींकडे गेले तर जाऊबाई कोळंबी सोलत बसल्या होत्या. सभेत काय झालं ते त्यांना आधीच कळलं होतं.

"म्हणजे तुका मत हा," त्या म्हणाल्या.

"हो. चूल माझ्या नावावर आहे."

"आणि माका नाय."

"तुमच्या घरचं मत भावोजी देणार."

त्यांनी सुरी खाली ठेवली. "मत मिळूक घोव मराक होयो काय गे?"

बोलून गेल्या आणि त्यांचं तोंड उतरलं. माझ्या नवऱ्याला जाऊन तेव्हा तीन वर्षंही झाली नव्हती. मला आधी हसू आलं, मग रडू आलं, आणि मग आम्ही दोघी एकदम हसायला लागलो. भावोजी आतून बाहेर आले, आमच्याकडे बघून परत आत गेले. घरी जाताना मात्र ते वाक्य माझ्याबरोबर चालत राहिलं. एवढी वर्षं पट्टीचे पैसे जाऊबाईंच्या हातून बाजूला काढले जात होते. मी सभेत उभी राहून मोठं भाषण केलं, आणि त्या भाषणात त्या कुठे बसत नव्हत्या.

त्याच आठवड्यात गावाहून पुतणीचा फोन आला. चुलत दिराची मुलगी, नुकतीच दहावी झालेली. विज्ञानाला जायचं म्हणून ती नव्या शाखेची वाट बघत होती.

"काकी, निवडणूक आसा म्हणे?"

"आहे."

"आमका मत आसा?"

"गावात पट्टी नाही ना गं. जे पट्टी देतात त्यांनाच मत."

"पण कॉलेजात आमी शिकतंव," ती म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, खरंच विचारत होती. मी म्हटलं, बघते. काय बघणार होते, देव जाणे. पट्टी देणाऱ्याचं मत खरं, की ज्याच्यासाठी पट्टी घेतली जाते त्याचं? वर्गात हा प्रश्न एखाद्या मुलीने विचारला असता तर मी तिला शाबासकी देऊन पुढच्या धड्याकडे वळले असते.

दोन पॅनल उभी राहिली. एक भावोजींचं, जुनं. दुसरं तरुणांचं, पट्टी कमी करू म्हणणारं. दोन्हीकडची माणसं माझ्याकडे चहाला येऊन गेली. तरुण म्हणाला, "काकी, तुमच्यामुळे हे झालं. तुम्ही आमच्याबरोबर आहात ना?" भावोजींनी फक्त पंख्याचं बटण खराब झालंय का, असं विचारलं आणि दुसऱ्या दिवशी दुरुस्तीला माणूस पाठवला.

मतदानाच्या दिवशी व्यायामशाळेच्या कोपऱ्यात चादर बांधून आडोसा केला होता. मी आत गेले, शिक्का हातात घेतला आणि उभी राहिले. नव्या पॅनलला मत दिलं तर पुतणीची शाखा जाणार. जुन्याला दिलं तर मी सभेत बोलले कशासाठी? बाहेरून कोणीतरी खोकलं. मी शिक्का भावोजींच्या बाजूला मारला. विज्ञान शाखेसाठी मारला, की नवऱ्याच्या भावासाठी, की पंख्याच्या बटणासाठी, हे मला तेव्हा सांगता आलं नाही आणि आजही येत नाही. सगळेच असे माझ्यासारखे मत देत असतील तर मी इतकी वर्षं शिकवलं काय, असं मात्र वाटलं.

भावोजी हरले. फार मोठ्या फरकाने नाही, पण हरले. निकाल लागल्यावर त्यांनी त्या तरुणाच्या पाठीवर हात ठेवला, समितीच्या कपाटाच्या चाव्या दिल्या आणि बसची वाट न बघता चालत घरी गेले. घरी जाऊबाईंनी मला हळूच सांगितलं, "माका मत आसता तर मी ह्यांच्या विरोधात दिला असतंय."

"काय सांगता!"

"आता घराक तरी ऱ्हवतले."

नव्या समितीने बोलल्याप्रमाणे पट्टी कमी केली. विज्ञान शाखा पुढे ढकलली. पुतणी आता सकाळच्या एसटीने तालुक्याला जाते आणि संध्याकाळी अंधार पडताना परत येते. पण याच समितीने पहिल्याच सभेत ठरवलं की पुढच्या वेळी घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला मत, बायकांनाही. जुन्या समितीला हे कधी सुचलं नव्हतं. भावोजींना तर नाहीच, आणि मलाही नाही. गावातल्या लोकांना मत द्यायचं का, यावर मात्र भांडण झालं आणि विषय राहून गेला.

पुढे वेगळीच अडचण आली. पट्टी कमी होऊनही लोक देईनात. नवीन मुलांना घरं माहीत नव्हती, घरच्यांना मुलं माहीत नव्हती. ग्रुपवर निरोप टाकला की लोक खाली अंगठ्याचं चित्र टाकून मोकळे व्हायचे. शेवटी तो तरुणच भावोजींकडे आला. मी तिथेच होते.

"काका, तुम्ही फिराल का आमच्यासाठी?" त्याने मान खाली घालून विचारलं.

मला वाटलं, भावोजी आता चार शब्द ऐकवणार. ते म्हणाले, "गुडघो दुखता. जिने चढूक कोणतरी सोबत होया."

सोबत मी जाते. घोडपदेवच्या आमच्याच चाळीपासून सुरुवात केली. भावोजी दारात उभे राहिले की माणसं आत बोलावतात, गावची चौकशी होते, पाणी येतं, पैसे येतात. तोच माणूस, तेच दार, आणि यांच्यापैकी कितीतरी जणांनी त्यांना पाडलेलं. मी एकदा जिन्यात विचारलं, "भावोजी, राग नाही येत?"

"येता मगे," ते म्हणाले आणि कठडा धरून वर चढत राहिले.

परवा तिसऱ्या मजल्यावर एका बाईने दार उघडलं. नवीनच लग्न होऊन आलेली, ओढणी खोचलेली, हाताला पीठ. तिने आमच्याकडे नीट पाहिलं.

"तुम्ही हरलात ना?" तिने भावोजींना विचारलं. वाईट हेतूने नाही. "मग पट्टी तुमच्याकडे कशी द्यायची?"

भावोजींनी माझ्याकडे पाहिलं. नागरिकशास्त्र माझं. मी तोंड उघडलं. जिंकलेल्यांनी आम्हाला पाठवलंय, असं म्हणणार होते. पण मग ती विचारणार, ते स्वतः का नाही आले? आणि त्याचं उत्तर दिलं तर ती विचारणार, मग निवडणूक कशाला घेतली? ती वाट बघत होती. आतून कुकरची शिट्टी झाली.

"आत या आधी," ती म्हणाली. "बसून सांगा."

आम्ही चपला काढल्या आणि आत गेलो.