दातात धरलेला ब्रश

लग्न होऊन हमरापूरला आले तेव्हापासून मी आमच्या कारखान्यात गणपतीच्या मूर्तींचे डोळे आखते. बारीक ब्रश उजव्या हातात आणि जाड ब्रश आडवा दातात. तो खाली ठेवा, पुन्हा शोधा, पुन्हा उचला, एवढी सवड कारखान्यात कोणाला असते? सासूबाईंनी असंच शिकवलं, मी तसंच केलं. दांडीने पुढचे दात झिजले, एकाला खाच पडली, खाचेत काळपटपणा बसला. मग कधीतरी हसताना हात तोंडावर जायला लागला आणि तिथेच राहिला.

मुलीचा साखरपुडा ठरला आणि माझा जीव थाऱ्यावर राहीना. मुलगा वरसे गावचा, हॉल रोह्यात, फोटोवाला ठरलेला. मुलगी एवढंच म्हणाली, "आई, एका तरी फोटोत हात खाली ठेवून हस गो." ती सहज बोलून गेली. मला मात्र ते उठता-बसता टोचत राहिलं. एकुलती एक मुलगी, आणि तिच्या साखरपुड्याच्या फोटोत आई म्हणजे नुसती बोटं. मला ते अजिबात नको होतं.

जवळच्या पेणला काय दातांचे दवाखाने कमी आहेत? पण तिथे खुर्चीत बसले असते तर मी घरी पोचायच्या आत बातमी कारखान्यात पोचली असती. म्हणून साड्या बघायच्या निमित्ताने रोह्याची गाडी धरली. वाटेत कासू स्टेशनात गाडी थांबली तेव्हा वाटलं, उतरावं आणि मागे फिरावं. काय हे नसते चोचले? बोटीने परदेशी जाणारे गणपती डोळ्यांसाठी खोळंबलेत आणि बाई निघाली दात सजवायला. उठेपर्यंत गाडी सुटलीसुद्धा.

डॉक्टरीण माझ्या मुलीच्या वयाची. तिने दातांच्या रंगांची पट्टी काढली, पांढऱ्यापासून पिवळटपर्यंत ओळीने नमुन्याचे दात लावलेली. मी झटकन सगळ्यात पांढऱ्या दातावर बोट ठेवलं. गणपतीच्या सुळ्याला आम्ही कधी निव्वळ पांढरा मारत नाही, थोडा पिवळा मिसळतोच, नाहीतर तो खडूसारखा दिसतो. स्वतःच्या तोंडाची वेळ आली तेव्हा ती अक्कल कुठे गेली कोण जाणे.

"काकू, बाजूच्या दातांशी जुळायला हवा ना," ती हसून म्हणाली आणि तिनेच बेताचा रंग निवडला. झिजलेल्या दातांवर तिने पिठासारखं काहीतरी थापलं, आकार दिला, निळ्या उजेडाने कडक केलं, घासून गुळगुळीत केलं. आरशात बघितलं आणि माझे डोळे भरून आले. खाच कुठे होती ते मलाही सापडेना.

"या दातांनी कडक काही चावायचं नाही. दोरा तोडायचा नाही, पेन धरायचं नाही," तिने बजावलं. ब्रशचं नाव तिने काढलं नाही. तिला काय माहीत? मीही विचारलं नाही.

घरी सासूबाईंनी ओळखलंच. "कशाला गो ही उठाठेव? हसतील त्यांचे दात दिसतील." नवऱ्याचं निराळंच. "एक दात मोडलेल्या देवाला सगळी दुनिया हात जोडते, आणि तुला एक खाच चालत नाय?" मी दोघांकडेही लक्ष दिलं नाही. लक्ष द्यायला ते जागेवर होतंच कुठे? जीभ सारखी नव्या दातावर फिरत होती. आणि कामाला बसले तर जाड ब्रश ठेवू कुठे? कानावर ठेवला, पडला. केसात खोचला, केस रंगले. तोंड रिकामं म्हणून हातही बिथरला. एका गणपतीचा डोळा तिरका गेला, तो पुसून पुन्हा काढावा लागला. एवढ्या वर्षांत असं झालं नव्हतं. माझी चिडचिड वाढली.

साखरपुड्याच्या आदल्या दिवशी सकाळी डोळे मात्र झरझर उतरायला लागले. हात वळणावर आला म्हणून मी खूश झाले, आणि तेवढ्यात दातात काहीतरी कट्‌कन वाजलं. ब्रश तोंडात होता. कधी गेला मला कळलंही नव्हतं. जिभेवर पांढरा कपचा आला. तो तसाच रुमालात बांधला आणि पुन्हा रोहा गाठलं. डॉक्टरीण रागावली, पण तिने दात नीट करून दिला.

हॉलमध्ये मी डावा हात पदरात गुंडाळून उभी राहिले, सुटायलाच नको. अंगठी घालताना मुलाच्या हातून ती निसटली आणि कोणीतरी म्हणालं, "आत्ताच घाम फुटला, पुढं कसं व्हायचं?" सगळे खदखदून हसले. मीही हसले. हात वर यायला धडपडला, मी तो घट्ट धरून ठेवला.

चार दिवसांनी फोटो मोबाईलवर आले. मी आधी स्वतःला शोधलं. सापडले, तोंडभर हसत होते, हात खाली. मला इतका आनंद झाला की मी नवऱ्याला हाक मारली. मग शेजारी उभ्या मुलीकडे नजर गेली. तिच्या दातांत कधी काही खोट नव्हती. तीही हसत होती, आणि तिचा हात तोंडावर होता.

पुढचा फोटो बघितला. त्याच्या पुढचा बघितला. मग मोबाईलमधले जुने बघत सुटले, कॉलेजातले, तिच्या कंपनीतल्या मैत्रिणींबरोबरचे. जिथे ती हसली होती तिथे हात वरच होता. बोटं तिची आणि ठेवण सगळी माझी.

"काय गो, कशाला हाक मारलीस?" नवरा दारात येऊन उभा राहिला.

मी मोबाईल पालथा ठेवला. "काय नाय," म्हटलं. आता दोन महिन्यांनी ती सासरी जाईल, आणि हात खाली घे एवढं तिला कसं सांगावं, ते मला अजून सुचलेलं नाही.