मशीनचं घरचं नाव, मशीनचं बाहेरचं नाव

चार जुने सहकारी एका लग्नात भेटले की जेवणाच्या पंगतीतच ऑफिस भरतं. एकानं सुरुवात केली की दुसरा म्हणतो, "अरे, ते नाही, ते सांग!" आमच्या अजनीच्या ऑफिसातले अर्धे किस्से तर एकाच महिन्यातले. ज्या महिन्यात आम्ही मशीनची बारशी केली, त्या महिन्यातले!

ऐंशीच्या दशकाचा शेवट. आमचं काम खाणींचे नकाशे काढायचं. ऑफिसात चार कॉम्प्युटर आले, आणि ते एकमेकांना केबलनं जोडायचे ठरले. शिवाय टेलिफोनच्या लाइनवरून मुंबईच्या एका मोठ्या संस्थेशीही जोडायचे. नागपुरात तेव्हा असं किती ऑफिसांत असेल! आम्ही हवेतच होतो.

दातार साहेब पुण्याचे. त्यांनी सगळ्यांना गोळा करून सांगितलं, "दोन प्रकारची नावं लागतील. एक आतलं, प्रत्येक मशीनचं, आपल्यापुरतं. आणि एक बाहेरचं, अख्ख्या ऑफिसचं. जग आपल्याला त्या नावानं ओळखेल."

रेकॉर्ड रूमचे सोनटक्के काकाजी रोज कामठीहून बसनं यायचे. त्यांनी हात वर केला. "मशीनले नाव काहून, साहेब? एक नंबर, दोन नंबर म्हना ना."

"नंबर लक्षात राहत नाहीत हो."

काकाजींनी मान डोलावली. "समजलं. मी घरी बबन, सर्व्हिस बुकात ज्ञानेश्वर. पन एक सांगतो साहेब, बबन म्हनून हाक मारली का मी लवकर येतो!"

*

आतली नावं नद्यांची ठेवायची ठरली. अट अशी, की इंग्रजी अक्षरं आठच्या वर नकोत. सगळ्यांना वैनगंगा हवी होती. मी बोटांवर मोजली, तर नऊ अक्षरं! एका अक्षरानं वैनगंगा गेली. कन्हान बसली, पेंच बसली, वर्धा बसली. चौथी उरली नाग.

आता आमची नाग नदी कशी आहे, हे नागपूरकराला सांगायला नको. पुलावरून जाताना आपसूक रुमाल नाकाशी जातो. ते मशीन कोणी घेईना. साहेब पुण्याचे, त्यांना काय माहीत! म्हणाले, "वा, शहराचंच नाव! हे माझ्या टेबलावर ठेवा."

दुसऱ्या दिवशी काकाजी गंभीर चेहऱ्यानं मला म्हणाले, "मॅडम, साहेबाले सांगू नका. आठ दिवस तरी खुश राहू द्या."

*

मशीन बंद पडलं की आम्ही म्हणायचो 'बसलं', सुरू झालं की 'वर आलं'. ऑगस्टमध्ये चार दिवस पावसाची झड लागली होती आणि नेमकं कन्हान मशीन दोन दिवस बसलेलं. तिसऱ्या दिवशी दुपारी स्क्रीन एकदम उजळला. मी आनंदानं जिन्यातून ओरडले, "कन्हान वर आलीऽऽ!"

खाली रेकॉर्ड रूममध्ये काकाजींच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. घर कन्हानच्या काठापासून हाकेच्या अंतरावर. छत्री उचलली आणि निघाले पळत! कामठीला पोचले तर नदी आपली निवांत वाहून राहिलेली. काकू दारात तांदूळ निवडत बसलेल्या. म्हणाल्या, "काहून जी, आज लवकर?"

दुसऱ्या दिवशी सकाळी काकाजींनी अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज दिला. कारण लिहिलं : 'कन्हान वर आल्यामुळे.'

साहेबांनी खाली शेरा मारला : 'अभिनंदन! अशीच वर राहो.'

*

मग बाहेरच्या नावाचा प्रश्न आला. मुंबईचा निरोप होता, शुक्रवारपर्यंत नाव कळवा, नाहीतर तुमची लाइन दुसऱ्या शहराला देऊ. साहेबांनी रात्रभर विचार करून नाव आणलं. आमचं पूर्ण नाव होतं 'जिऑलॉजी अँड ड्रॉइंग हाउस, अजनी'. त्याची पहिली अक्षरं साहेबांनी फळ्यावर मोठ्या अभिमानानं लिहिली. जी, ए, डी, एच, ए.

मी फळा सोडून सगळीकडे पाहत होते. साहेब विचारत होते, "कसं आहे? सुटसुटीत आहे ना?"

शेवटी काकाजीच उठले. "नाव लय चांगलं आहे साहेब. पन हे आतच राहू द्या."

साहेबांनी वळून एकदा वाचलं. मग डस्टर असं फिरवलं, की फळ्याचा रंग जायचा राहिला!

*

शुक्रवारी दुपारी ठरलं, संत्रा! सहा अक्षरं, छोटं, गोड. साहेबांनी मुंबईला ट्रंक कॉल लावला. लाइनमध्ये नुसती खरखर. साहेब उभं राहून ओरडून राहिले होते, "एस! एस फॉर संत्रा!"

तिकडून, "ते कळलं हो. नाव काय?"

"संत्रा!"

"अहो, उदाहरण नको, नाव सांगा नाव!"

साहेबांचा चेहरा लाल. कॉलची ठरलेली तीन मिनिटं संपत आली. मी फोन त्यांच्या हातातून जवळजवळ हिसकावला आणि ओरडले, "नागपूरला काय पिकतं?"

"संत्रं."

"हां! तेच लिहा!"

*

पुढच्या वर्षी पाचवं मशीन आलं. साहेब म्हणाले, "मेश्राम मॅडम, हे तुमचं. नाव तुम्हीच ठेवा."

त्या दिवशी मी बाबांना ऑफिस दाखवायला आणलं होतं. बाबा मिलमधून रिटायर झालेले. लहानपणी शाळेतल्या गुरुजींनी रजिस्टरमध्ये त्यांचं नाव स्वतःच्याच मनानं 'कचरू' लिहिलं. मिलच्या कार्डावर, रेशनच्या कार्डावर, सगळीकडे तेच राहिलं. छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हापासून आम्हा भावंडांची नावं मात्र त्यांनी एकेक निवडून ठेवली. स्वतःच्या नावाबद्दल घरात कधी बोलले नाहीत.

धुतलेला पांढरा शर्ट घालून बाबा स्टुलावर बसले होते. स्क्रीनवर नावाच्या जागी रेघ लुकलुकत होती.

"हे नाव कोन ठेवते?" त्यांनी विचारलं.

"आपणच, बाबा."

"कोनाले विचारा नाही लागत?"

"नाही."

"आन पसंत नाही पडलं तं?"

काकाजी मागून म्हणाले, "बदलवता येते ना भाऊ. दोन बटनं दाबली का झालं!"

बाबा हसले. मग स्टुलावरून त्या लुकलुकत्या रेघेकडे वाकले. मला म्हणाले, "मी सांगू काय वं?"

"सांगा ना!"

"लिही. आनंद."

मी पाच अक्षरं टाइप केली आणि बटन दाबलं. पलीकडच्या चारही स्क्रीनवर नाव उमटलं. काकाजींनी टाळी वाजवली. साहेब खुश झाले. "वा! छान नाव आहे. कोणाचं हो?"

बाबा स्टुलावरून उठून उभे राहिले. शर्ट खाली ओढून नीट केला.

"माहं," ते म्हणाले.