माझ्या गाडीवरची टीम

अमेरिकेत अल्फारेटाच्या आमच्या ऑफिसात दर सोमवारी फुटबॉलशिवाय विषय नसायचा आणि मी आपला कॉफी ढवळत बसायचो. तिथे जादा पैसे भरले की नंबर प्लेटवर हवी ती अक्षरं मिळतात, आणि गाडी विकताना मालक आपली प्लेट काढून घेतो. मी ऑफिसातल्यांच्या लाडक्या टीमचं नाव प्लेटवर घेतलं. बायकोने प्लेटला हळदकुंकू लावलं, मी नारळ फोडला. मग सीझनभर एकही मॅच सोडली नाही. टीम हरली की मला खरंच जेवण जात नसे.

एकदा पार्किंगमध्ये बॉस प्लेटपाशी थबकला. म्हटलं, चला, आता आपण यांच्यातले झालो.

"सेकंडहँड घेतलीस वाटतं गाडी?" तो हसला. "आधीचा मालक प्लेट काढायला विसरला!"

आणि मी गाढवाने हसून मान डोलावली.